पेरूच्या पानांना खोबरेल

पेरूच्या पानांना मी एकदा खोबरेल तेल लावलं होतं. एकेका पानाला बोटाने चोळून, पदराच्या टोकाने पुसून, आरशासारखं चकचकीत करून. आणि मग ती पानं तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवली होती. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी थांबते. मला घाई नाही, आणि या वयात घाई करायला डॉक्टरांनीही मनाई केली आहे.

तेव्हा मी नवी नवरी होते, बी.कॉम. झालेली होते आणि शुक्रवार पेठेतून धायरीला आले होते. या तिन्ही गोष्टींची मला फार घमेंड होती. आज धायरी म्हणजे पुणेच. तेव्हा मात्र धायरीला जायचं म्हटलं की माहेरची माणसं 'गावाला निघालात का?' असं विचारायची. सासरी पेरूची बाग होती. यजमान शहरात कचेरीत नोकरीला, सायकलने जायचे-यायचे. बाग सासूबाई बघायच्या. बागेला खत म्हणजे पावसाआधी शेणखत आणि मनाला येईल तेव्हा, मनाला येईल तेवढा युरिया. कुठल्या झाडाला काय हवं, हे कोणी विचारलं नव्हतं. झाडांनीही तक्रार केली नव्हती.

एकदा यजमान कचेरीतून बातमी घेऊन आले. माणसाचं रक्त तपासतात तसं झाडाचं पान तपासतात म्हणे. माती तपासली की जमिनीत काय आहे ते कळतं, आणि पान तपासलं की त्यातलं झाडाच्या पोटात किती गेलं ते कळतं. नत्र कमी की पालाश कमी, जस्त आहे की नाही, सगळं कागदावर लिहून मिळतं. सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ही हाय की शिकलेली. हिलाच सांगा."

शिकलेली टोपली घेऊन बागेत फिरायला निघाली. पण घरातलं काही परक्या माणसांपुढे पारखायला ठेवायचं, याचा माझा सगळा अनुभव एकाच प्रकारचा होता. लग्नाआधी मला कितीदा तरी दाखवली होती. तेल लावून चापूनचोपून वेणी, पावडर, गजरा, आणि काकू सांगायची, 'उजेडाकडे तोंड करून बस, डाव्या गालावरचा मुरुमाचा डाग दिसत नाही.' तेच डोक्यात पक्कं. मी किडीने खाल्लेलं पान घेतलं नाही, डाग पडलेलं घेतलं नाही, वाकडं घेतलं नाही. आणि घेतली ती सगळी एकाच झाडाची. न्हाणीघराचं सांडपाणी ज्या झाडाला वर्षभर मिळायचं, त्या झाडाची पानं तळहाताएवढी मोठी आणि गर्द हिरवी होती. बाकीच्या बागेतल्या झाडांनी त्याच्याकडे नुसतं बघत बसावं, इतकी.

ताटात मांडलेली पानं सासूबाईंनी चष्मा लावून पाहिली. "जरा कोरडी दिसत्यात गं. थांब." आणि त्या आतून खोबरेलाची बाटली घेऊन आल्या. म्हणजे कल्पना त्यांची. नाकारायला त्या आता हयात नाहीत, म्हणून मी हे बिनधास्त लिहिते आहे. पण चोळलं मी.

मातीचंही तसंच. बागेतली माती मला जरा पांढुरकी, रुक्ष वाटली. सरकारी माणसापुढे अशी कशी न्यायची? मग मी गोठ्याच्या मागच्या कोपऱ्यातली माती घेतली. काळीभोर, मऊ, हातात घ्यावीशी वाटणारी. वर्षानुवर्षं तिथे गोमूत्र जिरलेलं. आणि बांधली कशात, तर युरियाच्या रिकाम्या गोणीचा तुकडा कापून त्यात. जाड होता, ओल येणार नव्हती. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

अहवाल आला. सगळं भरपूर. नत्र तर इतकं भरपूर की यंदा खत देण्याची गरज नाही. मी तो अहवाल ओसरीवर उभी राहून, गॅदरिंगमध्ये वाचतात तशा आवाजात वाचून दाखवला. सासूबाईंनी हातावर साखर ठेवली. आमच्या वाट्याचं शेणखत आम्ही मोठ्या मनाने शेजाऱ्याला देऊन टाकलं. आमची झाडं तृप्त होती ना.

त्या हंगामात तृप्त झाडांची पानं तांबूस पडली, कडा करपल्या, आणि फळ आवळ्याच्या पुढे वाढेना. यजमान टोपल्या घेऊन मार्केट यार्डात गेले. तिथल्या आडत्याने एक पेरू दोन बोटांत धरून उजेडात फिरवला आणि म्हणाला, "रावसाहेब, वाट चुकलात. लिंबं पलीकडच्या गाळ्यावर घेतात."

यजमान घरी येऊन जेवले नाहीत. मीही जेवले नाही, पण नंतर स्वयंपाकघरात उभ्याने जेवले. हे त्यांना कधी सांगितलं नाही.

पुढे शेतकी खात्याचे एक साहेब गावात बोलायला आले. देवळासमोर सतरंजी घातली होती. नमुना कसा काढायचा, यावर ते बोलले. पान एका झाडाचं नको, सगळ्या बागेत नागमोडी फिरून घ्यायचं. फार कोवळं नको, फार जून नको. पेरूच्या फांदीच्या टोकाकडून तिसऱ्या जोडीचं घ्यायचं, चारी बाजूंचं, हात पोचेल त्या उंचीचं. माती खोडाजवळची नको आणि गोठ्याजवळची तर नकोच. फांद्यांची सावली जिथे संपते, तिथे झाडाची खाणारी मुळं असतात, तिथली घ्यायची. खताच्या गोणीत ठेवू नका. मी मनातल्या मनात एकेक गुन्हा मोजत होते. शेवटी साहेब हसत म्हणाले, "आणि मंडळी, सजवू नका. आमच्याकडे एक पाकीट आलं होतं, उघडल्यावर अख्ख्या खोलीत खोबरेलाचा वास!"

सगळी सतरंजी हसली. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी मला असा कोपर मारला की बरगडी दुखत राहिली.

त्यानंतर मी शिकले. खरंच शिकले. सासूबाई गेल्यावर जुनी झाडं काढून आजची झाडं मी लावली, मुलगा शाळेत जात होता तेव्हा. पानाच्या रंगावरून मला झाडाची भूक कळायला लागली. जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र, कडा करपल्या तर पालाश, टोकाची पानं बारीक राहिली तर जस्त. यजमान थट्टा करायचे, "माझा चेहरा उतरलेला तुला दिसत नाही, पेरूचा बरा दिसतो." मी म्हणायचे, "तुम्हाला शेणखत घातलं तर चालेल का?"

आता यजमानही नाहीत. आमच्या बागेच्या तिन्ही बाजूंना इमारती आल्या आहेत. त्यांतल्या एकीच्या जाहिरातीत 'गार्डन व्ह्यू' असं लिहिलं होतं. गार्डन कोणाचं, तर माझं. त्यांच्या बाल्कनीतून दिसणाऱ्या हिरवळीला आळी करायची मी, पाणी द्यायचं मी, आणि व्ह्यू त्यांचा. मी बिल्डरच्या कचेरीत जाऊन म्हटलं होतं, "व्ह्यू विकताय तर झाडांच्या खताचं काय?" तिथल्या टाय लावलेल्या मुलाने मला पाणी विचारलं. पाणी चांगलं होतं.

आणि दोन वर्षांमागे, भाद्रपदात, माझ्या मुलाने जेवताना विषय काढला. त्याला बागेच्या जागी टर्फ करायचं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. टर्फ म्हणजे जमीन सपाट करून, वर खडी ओतून, तिच्यावर प्लास्टिकचं गवत अंथरायचं. चारी बाजूंना जाळी, वर मोठे दिवे. मग आयटीतली मुलं संध्याकाळी तासाच्या हिशेबाने तिथे क्रिकेट खेळायला येतात. चालवणारा माणूस तयार होता. करार दिवाळीनंतर करायचा होता.

"आई, झाडं म्हातारी झालीत," मुलगा म्हणाला.

"मीही झाले."

"तसं म्हणायचं नाहीये मला."

"मग कसं म्हणायचंय? नीट सांग. जाळी लावून वर दिवे सोडशील माझ्यावर?"

"तू प्रत्येक गोष्ट स्वतःवर का घेतेस? भिंतीकडची ओळ बघ एकदा. पिवळी धमक झालीय. अ‍ॅपवर फोटो टाकला मी. सिव्हिअर म्हणालं."

"अ‍ॅपने वास घेतला का मातीचा?"

"आई, प्लीज."

सूनबाई भात वाढत होती. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधणं हेच तिचं काम, आणि त्याचा तिला पगार मिळतो. मी आयुष्यभर हेच काम फुकट केलं. ती म्हणाली, "अ‍ॅपचं राहू दे. लॅबला पाठवा ना पानं. एकदाचं कळेल."

मग मी तोंड उघडलं. उघडायला नको होतं, पण मला माझ्या झाडांची खात्री होती. मी म्हटलं, "पाठवा. झाडं खरंच संपली असतील तर मी स्वतः करारावर सही करीन. रडणार नाही, भांडणार नाही. पण संपली नसतील तर टर्फ हा शब्द या घरात पुन्हा काढायचा नाही."

"डन," मुलगा म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की मी हातातला घास ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी पाहिलं, तर मुलगा ऑफिसच्या कपड्यांत बागेत. हातात पिशवी. आणि तो सरळ भिंतीकडच्या ओळीत गेला. तिथलं एकेक पान उलटंसुलटं करून, त्यातल्या त्यात पिवळं, त्यातल्या त्यात मरतुकडं असेल तेच तोडत होता. हिरवं हाताला लागलं की सोडून देत होता. मी मेथी निवडते ना, तसं. फक्त उलटं.

मी खिडकीतूनच ओरडले, "अरे, त्या मधल्या झाडांनी काय पाप केलंय?"

तो दचकला. "प्रॉब्लेम इथे आहे ना? मग इथलंच सँपल नको घ्यायला?"

"मग मधल्या झाडांवर कुऱ्हाड कशाला?"

 मी बाहेर गेले, त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि आळ्यात उपडी केली. खरं सांगायचं तर मला राग आला तसं हसूही आलं. मी सुंदर पानं निवडली होती, माझ्या पोटच्या पोराने प्रेतं निवडली. दोघांनाही अहवाल आधीच ठाऊक होता, पानं फक्त त्याला शोभतील अशी हवी होती.

सूनबाईने निकाल दिला. "आई, तुम्हीच काढा नमुना. तुम्हाला येतो. सगळ्या बागेचा."

रविवारी भल्या सकाळी मी टोपी घालून निघाले. लोखंडी खुरपं नेलं नाही. लोह तपासायचं तर मातीला लोखंड लागू द्यायचं नसतं. लाकडाची चपटी पट्टी नेली, कापडी पिशव्या नेल्या. नागमोडी चालले. तिसरी जोडी, चारी बाजू, हाताच्या उंचीवर. त्या साहेबांनी मला पाहिलं असतं तर त्यांना भरून आलं असतं. मधल्या ओळी झाल्या, उजवीकडच्या झाल्या. मग मी भिंतीकडच्या ओळीपाशी आले.

आणि माझा हात उठेना.

ती पानं अशी पिवळी होती की शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी सगळा कागद. भिंतीच्या पलीकडे नवं बांधकाम चाललं होतं, आणि तिथल्या लोकांनी भिंतीला लागून आमच्याच बाजूला राडारोडा ओतला होता. विटांचे तुकडे, प्लास्टरची ढेकळं, सिमेंटच्या फुटलेल्या गोण्या. दोन पावसाळे त्याच्यावरून वाहिलेलं पांढुरकं पाणी थेट त्या ओळीच्या मुळांत गेलं होतं. मी पाहिलं होतं, कुरकुरले होते, आणि मग कंबर दुखते म्हणून घरात बसले होते. आता ही पानं पिशवीत टाकली आणि अहवाल वाईट आला, तर सही माझी. मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. भिंतीकडच्या ओळीतून मी चार हिरवी पानं शोधली, ती टाकली आणि पिशवीचं तोंड बांधलं.

म्हणजे बघा. एवढं आयुष्य गेलं, केस पांढरे झाले, आणि फक्त खोबरेलाची बाटली तेवढी राहिली होती.

सूनबाईने ती पिशवी टेबलावर उघडली. कोणी सांगितलं होतं तिला उघडायला? पण टेस्टरच ती. पानं पसरून तिने शांतपणे पाहिलं. मग म्हणाली, "आई, यात एकही पिवळं पान कसं नाही?"

"ती आजारी आहेत. त्यांना कशाला प्रवास घडवायचा?"

"डॉक्टरकडे कोणाला नेतात? धडधाकटाला?"

"तू मला शिकवतेस?"

"नाही. मी फक्त विचारतेय. तुमच्या मुलाने पिवळीच आणली, तुम्ही हिरवीच आणलीत. आता लॅबवाल्यांनी काय समजायचं, ही बाग आहे का ट्रॅफिक सिग्नल?"

मुलगा सोफ्यावरून मोठ्याने हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

मग सूनबाई माझ्याबरोबर बागेत आली. पायात स्पोर्ट्स शूज, हातात दोन पिशव्या. एक भिंतीकडच्या ओळीची, एक बाकी बागेची. माती पण दोन ठिकाणची वेगळी. दोन्ही एकत्र कालवली तर कोणाचंच खरं कळणार नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. मी पान दाखवायची, ती तोडायची. एकदा मी हळूच एक पिवळं पान पायाखाली घेतलं. "आई, पाय उचला," ती म्हणाली. वर न बघता.

प्रयोगशाळेत मी रिक्षाने गेले. तिथे एक तरुण बाई होत्या. त्यांनी पिशव्यांवरची नावं वाचली आणि विचारलं, "भिंतीपलीकडे काय आहे, आजी?"

"प्रगती," मी म्हटलं.

त्या हसल्या. मग सगळं विचारून घेतलं. पाणी कुठलं, शेणखत शेवटी कधी, युरिया किती. शेवटच्या प्रश्नाला मी खोकले.

अहवाल घ्यायला सूनबाईही आली. बाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. मधल्या बागेत जस्त जरा कमी आहे, बाकी झाडं ठणठणीत. भिंतीकडच्या ओळीत मात्र पानांत लोह जवळजवळ नाही. आणि गंमत अशी की तिथल्या मातीत लोह भरपूर आहे. राडारोड्यातल्या चुन्याने मातीचा सामू वर गेलाय, म्हणजे माती अल्कधर्मी झाली आहे, आणि अशा मातीत लोह मुळांना उचलताच येत नाही. "कोठीत धान्य आहे, पण कोठीला कुलूप लागलंय," त्या म्हणाल्या. "झाडं म्हातारी नाहीत, आजी. उपाशी आहेत."

हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. दुसऱ्यांदा सूनबाईचा फोन समोर धरून, मुलाला ऐकवायला.

मुलगा फोनवर म्हणाला, "म्हणजे मधली बाग ठीक आहे, मान्य. पण भिंतीकडची ओळ गेलीच ना? टर्फला तेवढी कडेची पट्टीसुद्धा पुरेल—"

"एक बहर," मी म्हटलं. "पुढच्या थंडीपर्यंत. ती ओळ हिरवी झाली नाही, तर सही करते."

सूनबाईने फोन स्वतःच्या कानाला लावला. "ऐक. ठरलं. ओळ हिरवी झाली तर बाग राहील, नाही झाली तर टर्फ. मध्येच कोणी नियम बदलायचे नाहीत. तूही नाही, आईही नाहीत."

आधी राडारोडा हलवायला हवा होता. साइटवरच्या सुपरवायझरला मी तीनदा निरोप दिला. उचलणं सोडाच, चौथ्या दिवशी एक डंपर आणखी माल घेऊन आला. मग मी गेटातून प्लास्टिकची खुर्ची बाहेर काढली, गल्लीच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसून शेंगा सोलायला घेतल्या.

डंपरवाल्याने हॉर्न दिला. मी शेंगा सोलल्या. सुपरवायझर धावत आला. "आजी, बाजूला व्हा ना जरा."

"होते ना. पण या वयात बाजूला व्हायला वेळ लागतो. आधी तुमचा माल बाजूला करा."

"साहेबांना फोन लावतो मी."

"लाव. त्यांना सांग, तुमच्या गार्डन व्ह्यूमधलं गार्डन रस्त्यात येऊन बसलंय."

वरच्या बाल्कन्यांत माणसं जमली. कोणीतरी व्हिडिओ काढत होतं. एक बाई वरून ओरडल्या, "आजी, उठू नका हं!" व्ह्यूची किंमत त्यांनी मोजली होती ना. दुपारपर्यंत जेसीबी आला. राडारोडा उचलायला बरेच दिवस लागले आणि ते सगळे दिवस मी रोज खुर्ची टाकून बसले. नेलेला माल नक्की गेटाबाहेर जातोय की कोपऱ्यात सरकवतायत, हे बघायला. सरकवत होतेच. पुन्हा उचलायला लावला.

मग वारज्याच्या मजूर-नाक्यावरून दोन माणसं बोलावून आळी खणून घेतली. वरचा पांढरा पोपडा काढला. मुरलेलं शेणखत घातलं, त्यात गंधक मिसळलं. ओळींच्या मध्ये ताग पेरला आणि फुलावर येण्याआधी मातीत गाडला. मुळांना खाता येत नाही तोवर पानांना वरून भरवायचं, म्हणून लोह आणि जस्त पाण्यात विरघळवून फवारलं. फवारणी चालू असताना मुलगा कॉफीचा मग घेऊन बाहेर आला.

"आई, पुन्हा मेकअप सुरू केलास का पानांना?"

"मेकअप नाही, सलाइन आहे. सरक, वाऱ्याच्या दिशेला उभा आहेस."

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा काहीच झालं नाही. पिवळी पानं पिवळीच राहिली. जुनं पान सुधारत नाही. वाट बघायची ती नव्या फुटव्याची. उन्हाळाभर मी रोज सकाळी चहा घेऊन त्या ओळीपाशी जायची. मुलाने तेवढ्या काळात टर्फवाल्याला दोनदा घरी आणलं. तो मला 'मावशी' म्हणाला. मी त्याला सरबत दिलं आणि विचारलं, "तुमच्या गवताला फूल येतं का हो?" तो म्हणाला, "नाही मावशी, हे मेंटेनन्स-फ्री असतं." मी म्हटलं, "म्हणजे मेलेलंच की."

पावसाने नवी पालवी आणली. ती उलगडली तेव्हा मी चष्मा पुसून पुसून पाहिली. शिरांमधली जागाही हिरवी होती. पोपटी, जराशी भित्री, पण हिरवी. ओळीच्या पार कोपऱ्यातली दोन झाडं मात्र वाळली. तिथे सिमेंटच्या गोण्या सगळ्यांत जास्त दिवस पडल्या होत्या. ती मला तोडावी लागली. त्यांची आळी अजून रिकामी आहेत आणि मी तिथे मुद्दाम काही लावलेलं नाही. ते माझं कुरकुरून घरात बसणं आहे, ते दिसत राहू दे.

थंडीत पेरू आले. मधल्या ओळींत चांगले, भिंतीकडे बेताचे, पण पेरूसारखे पेरू. मुलगा म्हणाला, "दोन झाडं मेली. म्हणजे ओळ पूर्ण हिरवी झाली नाही, टेक्निकली."

मी म्हटलं, "टेक्निकली तुझे पण पुढचे केस गेलेत. तुला कोणी सपाट करून वर प्लास्टिक टाकलं का?"

"आई, तू प्रॅक्टिकल बोल ना जरा. वर्षाला काय देते ही बाग?"

"तुला काय दिलं ते आधी आठव. मग मला विचार."

आवाज चढले. त्याचा चढला, माझा त्याहून चढला. मी म्हटलं, मी जिवंत आहे तोवर या जमिनीवर माती दिसेल, पाऊस पडला की ओली होईल, तिच्यात गांडूळ असेल, आणि ज्याला चेंडू मारायचाय त्याने दुसरीकडे जाऊन मारावा. मला भावनिक म्हणायचं तर म्हणा. बुरसटलेली म्हणा. प्लास्टिकच्या गवतावर दिवे लावून त्याला प्रगती म्हणणाऱ्यांनी मला काहीही म्हटलं तरी माझं रक्त तपासायला लागणार नाही, ते जागच्या जागी आहे.

सूनबाई तिथे नव्हती. आमचं भांडण चालू असताना ती बागेत गेली होती. भिंतीकडच्या ओळीत एकेका झाडापाशी थांबून तिने फांद्या खाली ओढून पाहिल्या, वाळलेल्या झाडांच्या जागीही थांबली, मग पेरूच्या सावलीत उभी राहून कोणाशी तरी फोनवर बोलली. आत आली तेव्हा चपलांना माती लागलेली.  तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली:

"आई, टर्फवाल्याला मी नको म्हणून कळवलंय. पण पुढच्या वेळी पानं मी एकटी तोडणार. त्या दिवशी तुम्ही आणि तुमचा मुलगा, दोघांनी घराबाहेर पडायचं नाही."